तापाच्या जहाजाचा कप्तान

घराबाहेर पाऊल टाकण्याआधी काका उजव्या हाताच्या तर्जनीवर सॅनिटायझरचा एक थेंब घ्यायचे आणि बोट वर धरून उभे राहायचे. बोटीवर होते तेव्हा ते बोट जिभेला लावत. आता मुलीने त्याला सक्त मनाई केली होती, आणि सॅनिटायझरने बोट जास्त गार पडतं असा शोध काकांना लागला होता. बोटाची जी बाजू गार पडेल तिकडून वारा. तो कळला की ते समोरच्या माणसाला हाताने हलवायचे. "इकडे ये. अजून. हां. आता तू वाऱ्याखाली." म्हणजे आपला श्वास त्यांच्याकडे जायला नको.

"आणि तुमचा श्वास माझ्याकडे येतो, त्याचं काय काका?" मी एकदा विचारलं.

"मी कुठे कामाला जातो? मी स्वच्छ. कामाला जातेस ती तू, पुणेकरीण."

हे खरं होतं. आयर्लंडमधल्या नास गावातल्या आमच्या वसाहतीत बहुतेक सगळे जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसले होते. मी मात्र रोज सकाळी गाडी काढून प्लांटमध्ये जायचे. सलाइनच्या नळ्या घरी बसून बनवता येत नाहीत. मी एकटी राहायचे आणि रस्त्यापलीकडच्या घरात गौरी, तिचा नवरा अमेय, सात वर्षांची ईरा आणि गौरीचे वडील. त्या वडिलांनाच आम्ही सगळे काका म्हणायचो. २०२०च्या फेब्रुवारीत ते तीन महिन्यांसाठी नातीला भेटायला आले आणि मागोमाग सगळं बंद झालं. गौरी भूलतज्ज्ञ डॉक्टर. अमेयचं डब्लिनच्या बॉल्सब्रिज भागातलं ऑफिस बंद होऊन घरात आलं, गौरीचं हॉस्पिटल काही घरात येणार नव्हतं.

काका मुंबईच्या बंदरात पायलट होते. पायलट म्हटलं की इथले शेजारी आभाळाकडे बघायचे आणि काका चिडायचे. "विमान नाही हो, जहाज!" बंदराबाहेर मोठं जहाज येऊन थांबतं, पायलट छोट्या लाँचमधून त्याच्याजवळ जातो, उसळत्या पाण्यात जहाजाच्या कुशीला सोडलेली दोरशिडी पकडतो, वर चढतो आणि ते जहाज गोदीत आणून लावतो. लाँच आणि जहाज एकाच वेळी वर येतात तेवढाच क्षण हातात असतो, चुकला की दोन लोखंडांमध्ये माणूस. हे काम या माणसाने आयुष्यभर, पावसाळ्याच्या खवळलेल्या पाण्यातसुद्धा केलं होतं.

आणि हाच माणूस गौरीची गाडी संध्याकाळी वळणावर दिसेपर्यंत खिडकीचा पडदा मुठीत धरून उभा असायचा. तुमच्याही गल्लीत त्या वर्षी अशा खिडक्या असतील. गौरी आली की मागच्या दाराने आत, कपडे थेट मशीनमध्ये, अंघोळ झाल्याशिवाय ईराजवळ जायचं नाही. हे नियम तिनेच केले होते, पण पहारा काकांचा. ती जिन्यावरून जाताना ते खाली उभे राहून तिचा श्वास ऐकायचे. रस्त्यात कोणी खोकलं की घरातून आवाज यायचा, "खोकलो कोणाचो?" एरवी काका स्वच्छ मुंबईचं मराठी बोलायचे. घाबरले की थेट विजयदुर्गाच्या खाडीकाठी पोचायचे.

सुरुवातीला घरापासून दोन किलोमीटरच्या आत फिरायची परवानगी होती. सत्तरीपुढच्यांनी तर घरातच राहायचं. काकांना सत्तरी गाठायला काही महिने होते आणि गार्डांनी, म्हणजे इथल्या पोलिसांनी, अडवलं तर दाखवायला पासपोर्ट खिशात ठेवून ते ईराला घेऊन निघायचे. मला सुट्टी असली की मीही जायचे, ठरलेल्या अंतरावर, वाऱ्याखालून.

त्या दोन किलोमीटरांच्या अगदी कडेला एक जुनं चर्च होतं, बंदच असायचं. मागच्या भिंतीत एक दगड बसवलेला. काकांनी पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा ते थबकले, कारण दगडावर झिजलेला नांगर कोरला होता. "इथे नांगर? समुद्र तर तिकडे डब्लिनला!" त्यांनी बाटलीतलं पाणी रुमालावर घेऊन अक्षरं पुसली. अठराव्या शतकातला ब्रिटिश आरमारातला एक अधिकारी, याच गावचा. वेस्ट इंडिज आणि ईस्ट इंडिज इथे राजाची सेवा केली, बहिणीने दगड बसवला. बास, एवढंच.

काकांना एवढं पुरे झालं नाही. घरी जाऊन त्यांनी अमेयला कामाला लावलं. त्या आरमाराच्या जुन्या नोंदी इंटरनेटवर बऱ्याच मिळतात. कोण कधी कुठल्या जहाजावर चढला, कधी उतरला. मधल्या रिकाम्या जागा काकांनी स्वतःच्या दर्यावर्दी आयुष्यातून भरल्या. महिनाभरात कप्तान आमच्यातलाच एक झाला.

ईरासाठी काका ती गोष्ट तुकड्यातुकड्यांनी सांगायचे. कप्तान घरातला धाकटा. जमीन थोरल्या भावाची, मग धाकट्याला बारा-तेराव्या वर्षी ओळखीतल्या कोणा कप्तानाच्या जहाजावर धाडून दिला. कागदावर नोकर, प्रत्यक्षात शिकाऊ. दोऱ्या ओढायच्या, डोलकाठीवर चढायचं, सूर्य मोजून जहाज कुठे आहे ते काढायचं. अशी सहा वर्षं काढली की लेफ्टनंट होण्याची परीक्षा. तीन कप्तान टेबलामागे बसून प्रश्न विचारणार.

"सांग ईरा. वारा फिरलाय. किनारा जवळ आलाय, खडकांचा. नांगर धरत नाही. तू काय करशील?"

"आय'ड कॉल मम्मी," ईरा म्हणाली. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र आयरिश सुरातल्या इंग्रजीत.

काका हसले आणि मग रस्ताभर घड्याळ बघत राहिले. गौरीला त्या दिवशी घरी यायला उशीर होता.

कप्तान लेफ्टनंट झाला आणि त्याचं जहाज मुंबईला आलं. इथून गोष्टीचा रंगच बदलायचा. कारण इंग्रजांचं जे आरमार विजयदुर्गावर चालून गेलं, त्यात तो होता. काकांचे पूर्वज मराठी आरमारात तांडेल होते, असं त्यांच्या घरात सांगतात. मग काका कप्तानाला सोडून किल्ल्यावर जाऊन उभे राहायचे. खाडीत एकमेकांना बांधलेली आपली गलबतं, एकावर तोफगोळा पडून त्याला आग लागलेली, तिथून दुसऱ्याला, तिसऱ्याला, आणि पाणी संध्याकाळसारखं लाल. ईरा डोळे विस्फारून बघायची.

चर्चजवळ राहणारी एक म्हातारी आयरिश बाई कुत्र्याला घेऊन फिरायला यायची. काका दगडाशी काय करतात याचं तिला भारी कौतुक. एकदा तिने लांबूनच हात हलवून विचारलं, "हाऊ इज युवर मॅन टुडे?" इथे 'युवर मॅन' म्हणजे नुसतं 'तो माणूस', तुमचा-आमचा कोणी नव्हे. काकांना ते ठाऊक नव्हतं.

"माय मॅन?" काका उसळले, आणि मग माझ्याकडे वळून, "माझो माणूस? मेल्यान आमची गलबतां जाळल्यान!"

मी तिला जमेल तसं भाषांतर करून सांगितलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि काका दोन पावलं मागे सरकून बोट वर करून वारा बघायला लागले.

पण त्यानंतर तेही त्याला 'माझा माणूस'च म्हणायला लागले.

लढाया थांबल्या की आरमाराला माणसं नको होतात. कप्तान अर्ध्या पगारावर घरी आला, इथेच, नासला. वर्षानुवर्षं बसून राहिला. वरच्यांना विनंत्या पाठवत राहिला, जहाज द्या, कुठलंही द्या. हा भाग काका उन्हाळ्यात सांगायचे. पाच किलोमीटरची मुभा मिळाली होती, रुग्ण कमी झाले होते, भारतात परतणारी खास विमानंही सुरू झाली होती. अमेयने एकदा तिकिटाचं विचारलं.

"गौरीच्या ड्यूट्या अशा आहेत, ईराची शाळा बंद. मी गेलो तर पोरीकडे बघणार कोण?" काका म्हणाले. मग मला हळूच, "आणि मी तिकडे बसून ही घरी आली की नाही ते कसं बघू?"

शेवटी पुन्हा युद्ध पेटलं आणि पंचेचाळिशीच्या कप्तानाला स्वतःचं जहाज मिळालं. छोटंच, पण स्वतःचं. ते वेस्ट इंडिजला गेलं. इथे काका थांबायचे. दर वेळी. ईरा "व्हॉट हॅपन्ड देन?" विचारायची आणि काका म्हणायचे, "मग काय, म्हातारा होऊन घरी आला. चल, पाऊस येतोय." आयर्लंडमध्ये हे कारण कधीच खोटं ठरत नाही.

डिसेंबरमध्ये मी एकटीच त्यांच्याबरोबर होते. बाहेर पुन्हा आकडे वाढत होते. चार वाजताच दिवे लागले होते. मी म्हटलं, "काका, मला सांगा. वेस्ट इंडिजला काय झालं?"

ते चालता चालता थांबले. मग म्हणाले, "ताप आला जहाजावर. पिवळा ताप. बंदराबाहेर नांगर टाकून उभे होते, बंदरवाले आत घेईनात. रोज माणसं मरत होती. आणि माझा माणूस आजारी आहे म्हणून परवानगी घेऊन किनाऱ्यावर गेला. परत चढलाच नाही. त्याचा लेफ्टनंट मेला. अर्धं जहाज मेलं. हा जगला. तीस वर्षं जगला पुढे, इथे. पण त्याला पुन्हा कधी जहाज दिलं नाही कोणी."

"खरंच आजारी असेल."

"असेल. नसेलही. नोंदीत कुठे कळतं ते? मी पायलट माणूस, मला त्याचा राग येतो. जहाज सोडतात होय?" मग आवाज एकदम खाली आला. "आणि काल मी गौरीला काय सांगितलं ठाऊक आहे? नोकरी सोड. एक वर्ष घरी बस, मी आहे, अमेय आहे. हात जोडले मी तिला."

"ती काय म्हणाली?"

"काही नाही. जेवत होती, जेवली. भांडं विसळून ठेवलं आणि झोपायला गेली, सकाळी ड्यूटी होती." त्यांनी मास्क वर ओढला. "माका भय वाटता गो."

जानेवारीत गौरी आजारी पडली. लस तिच्या दारात येऊन ठेपली होती, त्याच आठवड्यात. ती वरच्या खोलीत दार लावून राहिली आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, "बाबांना या घरातून हलवा." काकांना मधुमेह होता, थोडा दमाही. त्यांची चाचणी निगेटिव्ह आली होती. रस्त्यापलीकडे माझ्या घरात एक छोटी खोली रिकामी होती. मी प्लांटमधून सुट्टी घेतली आणि त्यांना घेऊन आले.

मला वाटलं होतं ते हट्ट करतील, नाही येणार म्हणतील. तसं झालं नाही. हातात एक पिशवी घेऊन मान खाली घालून रस्ता ओलांडला. माझ्याकडे ते जेवत नव्हते, बोलत नव्हते. खिडकीशी खुर्ची लावून समोरच्या घराच्या वरच्या खिडकीकडे बघत बसायचे. सारखे कपाळावर हात ठेवून म्हणायचे, "बघ गो, ताप आलाय मला." मी थर्मामीटर लावायचे. ताप नसायचा. थोड्या वेळाने पुन्हा, "आता बघ." त्यांचा हात खरंच गरम लागायचा आणि आकडा मात्र साधाच.

एका सकाळी अमेयचा फोन आला. बोलताना त्याला धाप लागत होती. तोही पॉझिटिव्ह, अंगात सणसणून ताप, आणि गौरीचा ऑक्सिजन खाली घसरलाय, ॲम्ब्युलन्स बोलावलीय. ईरा ठीक आहे पण तिच्याकडे बघायला त्याला उभं राहवत नाही.

ॲम्ब्युलन्स आली. काका खिडकीत उभे होते. गौरीला खुर्चीत बसवून बाहेर आणलं, तोंडावर ऑक्सिजन. तिने मान वर करून आमच्या खिडकीकडे पाहिलं आणि हात हलवला, आत जा अशा अर्थाने. ॲम्ब्युलन्स वळणावर दिसेनाशी झाली तरी काका तसेच. मग दारापाशी गेले आणि बूट घालायला लागले. नाडीची गाठ दोनदा सुटली. मी खाली बसून बांधू लागले.

"काका, कुठे निघालात? मी जाते. मी धडधाकट आहे."

"तू परकी. पोरगी रात्री घाबरली तर आजोबा लागेल." आणि मग, "चेडू एकटा आसा थय. मी जातंय."

"गौरी मला माफ करणार नाही."

"मी भियालंय गो. भरपूर भियालंय. तू बोलत राहिलीस तर जायचा नाही मी. दार उघड."

मी दार उघडलं. त्या दिवशी त्यांनी वारा पाहिला नाही. रस्ता सरळ ओलांडला आणि आत गेले. समोरच्या घराच्या सगळ्या खिडक्या एकेक करून उघडल्या गेल्या, जानेवारीच्या त्या थंडीत.

पुढचे दिवस मी त्यांच्या पुढच्या खिडकीबाहेर जेवण ठेवायचे आणि मागे सरून उभी राहायचे. काका खिडकी बोटभर उघडून दिवसाचा अहवाल द्यायचे. अमेयने पेज घेतली. ईरालाही ताप आला होता, तो उतरला. ईरा सांगते पेला 'प्रेस'मध्ये आहे, मी कपड्यांच्या इस्त्रीजवळ शोधतोय, ही पोरगी कपाटाला प्रेस म्हणते! त्या दिवसांतलं हसण्यासारखं एवढंच आठवतं. तेसुद्धा त्यांनी मला हसवायला सांगितलं असेल.

हॉस्पिटलमधून फोन माझ्याकडे यायचे. अमेय बोलू शकत नव्हता आणि काकांना फोनवरचे आयरिश उच्चार कळत नसत, म्हणून गौरीनेच माझा नंबर दिला होता. एका दुपारी मी त्यांच्या अंगणात डबा ठेवतच होते आणि हातातला फोन वाजला. काका खिडकीत होते. मी फोन कानाला लावला. पलीकडच्या डॉक्टर बाई अगदी सावकाश, मऊ बोलत होत्या. गौरीला अतिदक्षता विभागात हलवत आहेत. अजून व्हेंटिलेटर नाही. लागू शकेल. ती शुद्धीवर आहे. तिनेच सांगितलंय की घरी खरं तेच सांगा.

मी 'ओके, थँक यू' म्हणत होते. दुसऱ्या हातात डबा तसाच होता. फोन ठेवला तेव्हा काकांनी खिडकी पूर्ण उघडली होती.

"काय म्हणाली?"

"तिला आयसीयूत नेतायत, काका. जास्त लक्ष ठेवायला. नळी घातलेली नाही. शुद्धीवर आहे."

"मास्क काढ."

"काका..."

"मास्क काढ. माका तुझा तोंड बघूचा आसा."

मी मास्क काढला. काका खिडकीतून माझ्याकडे बघत राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मी खोटं बोलत नाही, हे त्यांना माझ्या तोंडावरून कळलं असावं, कारण हळूहळू त्यांचे खांदे खाली आले. मागून ईराने हाक मारली, "आजोबा, हू इज इट?" आणि काका वळून एकदम साध्या आवाजात म्हणाले, "पुणेकरीण आलीय. आज तिने वरणभात आणलाय." खिडकी लागली.

मी रस्ता ओलांडला, घरात येऊन दाराला टेकून खाली बसले. फोन मांडीवर होता. मला त्याची इतकी भीती वाटत होती की तो उलटा करून ठेवला, आणि लगेच पुन्हा सुलटा केला. चुकून वाजून गेला तर?

गौरीला नळी घालावी लागली नाही. हे मी आता एका ओळीत लिहिते आहे, पण तेव्हा ते एकेका फोनने समजत गेलं. आज तेवढंच आहे. आज जरा कमी ऑक्सिजन लागला. आज खुर्चीत बसली. आज तिने चहा मागितला आणि चहा वाईट आहे म्हणाली. हे शेवटचं मी काकांना सांगितलं तेव्हा ते खिडकीची चौकट धरून रडले. मीही रडले, बाहेर उभी राहून.

ती घरी आली तेव्हा अर्धी झाली होती. काकांना लागण झाली की नाही ते आम्हाला कधी नीटसं कळलं नाही. चाचण्या निगेटिव्ह येत राहिल्या. पण सगळं पार पडल्यावर काका पडले. ताप नाही, खोकला नाही. ते घराबाहेर पाऊल टाकेनात. फाटकापर्यंत यायचे, कडी धरायचे, आणि घाम फुटून परत जायचे. दोरशिड्या चढलेला माणूस, त्याला समोरच्या टपालपेटीपर्यंत जाता येईना. गौरी रोज त्यांचा हात धरून थोडं थोडं पुढे न्यायची. आज शेजारच्या दारापर्यंत. उद्या वळणापर्यंत. ती स्वतः दमायची. दोघं बाप-लेक दोन म्हाताऱ्यांसारखे आमच्या रस्त्यावरून चालताना मी खिडकीतून बघायचे.

मार्चमध्ये एकदा ते माझ्या अंगणाच्या कठड्यावर येऊन बसले. बाहेर ऊन होतं. म्हणाले, "तुझ्याकडे राहिलो ना मी, तेव्हा मला ताप यायचा. आठवतं?"

"यायचा नाही काका. वाटायचं."

"तेच सांगतोय. मला खरोखर यायचा. अंग भाजायचं. थर्मामीटरात काही नाही." ते थांबले. "माझा माणूस खोटं बोलला नसेल. तो किनाऱ्यावर गेला तेव्हा त्याचं अंग असंच भाजत असेल. त्याला कोणी थर्मामीटर लावला होता?"

"पण तुम्ही परत गेलात."

"मला रस्ता ओलांडायचा होता. त्याला पाणी ओलांडून जायचं होतं, आणि वर जहाजावर त्याची नात नव्हती." मग जरा चिडून, "गलबतां जाळल्यान ता जाळल्यानच. ते मी नाही विसरणार."

एप्रिलमध्ये गौरी पुन्हा कामावर रुजू झाली. आदल्या संध्याकाळी तिने मला जेवायला बोलावलं होतं, आता पुन्हा एकमेकांच्या घरी जाता येईल का याचा अंदाज घेत आम्ही मागच्या अंगणात, कोट घालून बसलो होतो. काकांनी ताट बाजूला सरकवलं.

"गौरी, नको जाऊ. मी पुन्हा सांगतो. एकदा तू जाऊन आलीस त्या आयसीयूत."

गौरी भाताची मूद फोडत होती. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, तुम्ही समोरून उठून या घरात आलात, तेव्हा मला कळलं होतं. अमेयने मेसेज केला होता. मी ऑक्सिजनवर होते. मी तुम्हाला फोन करून परत पाठवलं का?"

काकांनी सरकवलेल्या ताटातली शितं बोटाने एकत्र केली.

"मला खूप राग आला होता तुमचा. आणि त्या रात्री मला झोप लागली. ईराजवळ तुम्ही आहात म्हणून."

मी उठून ताटं उचलायला लागले, उगाच. काकांनी आपलं ताट पुन्हा पुढे ओढलं आणि जेवायला लागले.

त्या महिन्यात भारतातून येणाऱ्या बातम्या वाचवत नव्हत्या. काकांच्या गावाकडून फोन यायचे. थोरले भाऊ गेले, शेजारचा मुलगा गेला, ज्याच्याकडून ते कायम मासे घ्यायचे तो गेला. काका फोन ठेवायचे आणि ईराला गृहपाठाला बसवायचे. भीती त्यांनी घरात कुठे ठेवली होती कोण जाणे, दिसायची नाही. फक्त रात्री सारखं दिवे लावून बघतात, असं अमेय म्हणाला.

काका भारतात परत गेले ते नोव्हेंबरमध्ये. भाऊ गेल्यापासून गावच्या घरात वहिनी एकटी होती, आणि ईराची शाळा नीट सुरू झाली होती. विमान दुपारचं. नेमकी गौरीची ड्यूटी आली, बदलून मिळाली नाही. पुन्हा रुग्ण वाढत होते, माणसं कमी होती. अमेयने ईराला शाळेत सोडलं, मी काकांना विमानतळावर न्यायचं ठरलं, वाटेत हॉस्पिटलपाशी थांबून.

गाडीतून उतरून ते दारापाशी उभे राहिले. गौरी आली. निळे कपडे, डोक्याला टोपी, मास्कच्या कडेने गालावर उठलेले वळ. तिच्याकडे दोनच मिनिटं होती हे तिच्या चालण्यावरून कळत होतं. ती खाली वाकली, काकांनी मध्येच धरून उभी केली आणि जवळ घेतली. मी जरा लांब सरकले. ती रडत होती, तेवढं मला दिसलं.

मग काकांनी तिला खांद्याला धरून वळवलं, हॉस्पिटलच्या दाराकडे तोंड करून.

"जा. पेशंट थांबलेत."

"बाबा, पोचल्यावर लगेच..."

"करतो फोन. जा आत."

ती गेली. काचेचं दार आपोआप उघडलं, ती आत शिरली, दार लागलं. काका हलले नाहीत. ते दाराच्या फार जवळ उभे होते, त्यामुळे दार पुन्हा उघडलं. आतला लांब, पांढरा रस्ता दिसला आणि त्याच्या टोकाला वळताना निळे कपडे. दार लागलं, पुन्हा उघडलं. आता आत कोणी नव्हतं. काकांनी पुढे झुकून पाहिलं.

"काका," मी म्हटलं, "तुम्ही उभे आहात म्हणून उघडतंय ते."

"ठाऊक आहे," काका म्हणाले.

दार अजून एकदा उघडलं, लागलं. आतून गार, औषधाच्या वासाची हवा येत होती, आणि काका त्या हवेसमोर मास्क नाकाखाली आलेला तसाच ठेवून उभे होते. मग त्यांनी एक पाऊल मागे घेतलं. आणखी एक. दार लागलं, आणि लागलेलंच राहिलं.